मानपाड्याचा मलिदा

आमच्या घरात देव एकच होता आणि तो फार बोलत नसे. त्याच्या वतीनं बोलायचं काम कमिटीकडे होतं. ठाण्यातल्या आमच्या सिनेगॉगची ही कमिटी. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीद म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कमिटीकडे कामं तशी मोजकीच होती. पंखे पुसून घेणं, दफनभूमीची भिंत रंगवणं आणि सणाच्या दिवशी कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते ठरवणं. पंखे आणि भिंत होती तशीच राहत. बाकांचं काम मात्र इतक्या निष्ठेनं चाले, की माझे पपा उभ्या आयुष्यात खांबामागच्या बाकावरून पुढे सरकले नाहीत. तिथून त्यांना पवित्र ग्रंथाचं कपाट अर्धंच दिसायचं. सणाच्या दिवशी एकदा तरी त्या कपाटाचे दरवाजे उघडायचा मान आपल्याला मिळावा, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्या भल्या माणसानं बाळगली होती. ती पुरी होण्यासाठी ते कमिटीतल्या प्रत्येकाला अंमळ जास्तच वाकून 'शालोम' म्हणत.

आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचो. पपा लोकरीच्या गिरणीत कारकून होते. माझी थोरली बहीण लिली सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि मी, रूथ, नुकतीच कॉलेजात जाऊन स्वतःला शहाणी समजू लागले होते. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बात, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागे; त्यामुळे दुपारपासूनच आमच्या घराला वेगळा वास यायचा. आई काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांचं सरबत करी. वाईनच्या जागी आम्ही त्यावर आशीर्वाद म्हणत असू. चुलीवर नारळाच्या दुधातलं मटण रटरटत असे. मटणाला जनावराचं दूध लागलेलं आम्हाला चालत नाही, त्यामुळे नारळानं आमच्या धर्माची जेवढी सेवा केली तेवढी कुठल्याही कमिटीनं केलेली नाही. मटणाच्या जेवणानंतर पपांना कोरा चहा प्यावा लागे. तो पिताना त्यांचा चेहरा असा होई, की सिनाय पर्वतावर देवानं दिलेले सगळे नियम एकट्या त्यांच्याकरताच खाली आणले असावेत. शेजारच्या प्रधानकाकूंकडे रविवारी कोळंबी तळली जाई. कोळंबीला खवले नाहीत म्हणून ती आम्हाला वर्ज्य. काकू दारातून विचारायच्या, "काय गं पोरींनो, आज तरी देवाचं लक्ष नाहीये का?" आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहून नुसता वास घ्यायचो. वासाबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नव्हतं.

आता त्या जागी बारा मजली इमारत आहे आणि त्यातल्या सहाव्या मजल्यावर मी आहे. बिल्डरनं सगळ्यांच्या दारांवर गणपतीची एकसारखी टाईल बसवली. माझ्या चौकटीवरची मजूझा, म्हणजे आमच्या प्रार्थनेची डबी, पाहून वॉचमननं विचारलं, मॅडम, ही नवीन बेल आहे का. मी हो म्हटलं. वाजत नाही एवढंच.

तर लिली. ती लहान असताना तिला विषमज्वर झाला होता आणि डॉक्टरनं हात टेकले होते. तेव्हा आईनं एलियाहू हन्नाबीला नवस केला, की ही पोर जगली आणि चांगली मोठी होऊन माझ्या घरातून बाहेर पडायला निघाली, की तुझा मलिदा करीन. एलियाहू हा आमचा प्रेषित. तो मेला नाही, अग्नीच्या रथातून वर गेला, आणि जाता-येता कोकणात उतरला होता अशी आमची खात्री आहे. त्याच्या नावानं आम्ही जे ताट मांडतो तो मलिदा. या शब्दाचं वर्तमानपत्रांनी पुढे जे काही केलं त्याला आम्ही जबाबदार नाही. पातळ पोहे धुऊन निथळायचे, त्यात खोवलेला नारळ, साखर, वेलची, जायफळ, बदामाचे काप; त्याची रास रचायची, भोवती फळं, वर गुलाब आणि वासाला सब्जाच्या डहाळ्या. मग पुरुषमंडळी प्रेषिताचं गाणं म्हणतात, एकेक फळ हातात घेऊन त्याचा वेगळा आशीर्वाद म्हणतात, आणि सगळे खातात. जगातले बाकीचे ज्यू हे करत नाहीत. त्यांना पोहे ठाऊक नाहीत, हे एक कारण असावं.

घरातून बाहेर पडायचं म्हणजे लग्न करून, असं आईच्या मनात होतं. लिलीनं इस्राएलमधल्या दवाखान्यातली नोकरी काढली. दोन दिवसांनी आईनं पोह्यांना कुठल्या दुकानात भाव बरा आहे याची चौकशी सुरू केली. जाण्याची तयारी झाली होती. फक्त एक गोष्ट अडली होती. तिकडून एक वृद्ध धर्मपंडित यायचे होते. जाणाऱ्या मुलामुलींशी ते बोलणार, आणि घराणं धर्माला धरून आहे असं आमच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, की ते पुढे शब्द टाकणार. तिकडच्या विद्वानांना आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही, अशी शंका पूर्वी येऊन गेली होती. आम्हाला स्वतःला ती कधीच आली नव्हती, पण आपल्याला विचारतो कोण? त्यामुळे अध्यक्षांच्या एका वाक्याला अचानक सोन्याचा भाव आला होता.

अध्यक्ष म्हणजे आंबेपूरकर साहेब. बंदरातल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ठाण्याच्या मे महिन्यात सूट घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा इस्राएलला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचा हिब्रू 'ख' घशाच्या इतक्या खोलातून येऊ लागला, की पुढच्या बाकावरची मंडळी रुमाल हाताशी ठेवत. पाहुणे यायच्या आधीच्या शनिवारी, प्रार्थना संपल्यावर, ते व्यासपीठावर उभे राहिले. आपण जगाच्या नजरेत आहोत, असं त्यांनी बरंच घोळवून सांगितलं. बायकांनी मंगळसूत्रं पदराआड ठेवावीत, पाहुण्यांना झेंडूचे हार घालू नयेत, गुच्छ द्यावेत, वगैरे झालं. आणि मग म्हणाले, "आजपासून पाहुणे परत जाईपर्यंत ठाण्यात एकाही घरी मलिदा होणार नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, आमच्याकडे पोहे फक्त नाश्त्याला असतात. ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं."

खांबामागे बसून पपांनी ते इतकं ध्यानात ठेवलं, की घरी येऊन कोट काढायच्या आधी आईला म्हणाले, आपण जरा पुढे ढकलू. लिली पोचली की तिच्या नावानं करू, एलियाहूला काय, इथून तिथे जायला रथ आहे.

"नवस म्हणजे काय भिशी आहे पुढच्या महिन्यावर ढकलायला?" आई म्हणाली. "मी म्हटलंय ती घरातून निघायच्या आधी. ती गेल्यावर कुणाच्या हातात फळ देऊ? तुमच्या?"

पपा म्हणाले, आणि अध्यक्षांनी शब्द टाकला नाही तर? त्यावर आई उठून भांडी गोळा करायला लागली. मला वाटतं तिलाही पपांइतकीच भीती वाटत होती. तिला ती उभं राहून वाटायची आणि पपांना बसून, एवढाच फरक. रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली, "ठाण्यात नको म्हणाले ना? मग मोजेसकडे करू. डोंबिवलीचा मानपाडा काय ठाण्यात आहे?" जिल्ह्याच्या हिशेबानं आहे, पण तिला तेव्हा भूगोल शिकवायची माझी छाती नव्हती.

मोजेसमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला एका रंगांच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि तिथल्याच एका चाळीत राहायचा. तिथे जाताना आधी नाक पोचायचं आणि मग आपण. मागच्या नाल्याचं पाणी कारखान्यात त्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाचं असे. "आज हिरवा आहे म्हणजे बरा दिवस आहे, पिवळ्याला डोळे चुरचुरतात," असं मामा दारातच, एखादी बाग दाखवावी तसं म्हणाला. मलिदा सांगायला हज्जान हवा, म्हणजे प्रार्थना चालवणारा. आमच्या सिनेगॉगच्या शालोमकाकांना पपा आदल्या दिवशी दबकत विचारून आले होते. काका लगेच हो म्हणाले. तसाही मी गुरुवारी तिकडेच आहे, म्हणाले. कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आईनं दुपारभर नारळ खोवले. मामी फळं पुसत होती. लिली नवी साडी नेसून, जिच्याकरता हे चाललंय ती आपण नव्हेच अशा चेहऱ्यानं, गुलाबांवर पाणी शिंपडत होती. त्या खोलीत वेलची, गुलाब आणि अमोनिया यांचा जो मिळून वास येत होता तो मला आजही, म्हणजे मानपाड्यात आता टोलेजंग टॉवर आणि त्यांची इटालियन नावं असताना, त्या रस्त्यानं गेलं की येतो. टॉवरवाल्यांना नुसता अमोनिया येत असणार.

संध्याकाळी शालोमकाका आले, ताटाकडे पाहून मान डोलावली, आणि पुरुष मोजायला लागले. आमची प्रार्थना चालवायला दहा पुरुष लागतात. मामाच्या कारखान्यातले आमच्या समाजाचे चौघे धरूनही भरत नव्हते. "काळजी नको," काका म्हणाले. "पलीकडच्या इमारतीत अजून एक मलिदा आहे. त्यांचेही भरत नाहीयेत. दोन्ही एकत्रच उरकू." आणि कुणी काही विचारायच्या आत ते चपला घालून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्यामागे फ्लोराआंटी होत्या, हातात चांदीचं ताट, वर भरतकामाचा रुमाल. त्यांच्यामागे पलीकडच्या इमारतीत राहणारे त्यांचे दोन भाऊ. आणि सगळ्यात मागे, सूट नाही, बुशशर्ट घातलेले, केळ्यांचा फणा छातीशी धरून, फ्लोराआंटींचे यजमान: आंबेपूरकर साहेब.

पपा उठून उभे राहिले. सवयच ती. मामानं मात्र शांतपणे विचारलं, "या साहेब. संध्याकाळचा नाश्ता का?"

साहेब केळ्यांकडे बघत राहिले. बोलल्या त्या आंटी. त्यांनी नवस केला होता, यजमान कमिटीचे अध्यक्ष झाले तर मलिदा करीन म्हणून. "मला म्हणाले, पाहुणे जाईपर्यंत थांब. मी म्हटलं, मग अध्यक्षपणही तोवर थांबवा. एलियाहूनं काय आगाऊ दिलंय का तुम्हाला?" आणि त्यांनी आपलं ताट आमच्या ताटाशेजारी मांडलं. त्यांच्यात पिस्ते होते, आमच्यात नव्हते. आईनं ते पाहिलं आणि आपल्या ताटातले गुलाब थोडे पसरून घेतले.

त्या माणसाबद्दल मला कधीही आदर वाटला नाही, पण एक सांगायला हवं. गाणं सुरू झालं तेव्हा शालोमकाका दुसऱ्या कडव्यात अडखळले आणि साहेबांनी ते उचललं. मग शेवटपर्यंत त्यांनीच नेलं. सगळी कडवी पाठ. आवाज मोकळा, आणि 'ख' अगदी आमच्या सगळ्यांसारखा, वाडवडिलांच्या अलिबागचा. डोळे मिटलेले. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं म्हणत असावेत असं वाटत होतं. मग आईनं लिलीच्या हातात पहिलं फळ दिलं, खजूर होता, आणि लिलीनं आशीर्वाद म्हणून तो खाल्ला. आई भिंतीकडे तोंड करून उगाचच तांब्या पुसत राहिली.

निघताना साहेबांनी पपांना जिन्यात गाठलं. मुलीचं मी बघतो, म्हणाले, पण इथलं इथेच. पपांनी दोन्ही हात जोडले. मला आठवतंय, त्यांच्या तोंडावर निखळ आनंद होता. आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांनी त्यांच्याशी कुजबुजून बोलण्याइतकं त्यांना जवळचं मानलं होतं.

पाहुणे आले. सिनेगॉगमध्ये त्यांना बसायला मांडववाल्याकडून लग्नातली लाल मखमली खुर्ची आणली होती. पाठीवर दोन मोर. त्यात ते म्हातारे गृहस्थ, बारीक, थकलेले, पोट बिघडल्यामुळे अधूनमधून लिंबूपाणी पीत, नवरीसारखे बसले होते. भाषणं झाली. अध्यक्षांनी आपल्या समाजाची ओळख अशी करून दिली, की मलाही त्याला एकदा भेटावंसं वाटलं. शेवटी पाहुण्यांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्या इंग्रजीचा अर्थ असा, की तुमच्या घरांत एलियाहूच्या नावानं फळांचं ताट मांडतात असं मी लहानपणापासून ऐकतोय. कुणाकडे असलं तर पाहायची फार इच्छा आहे.

आमच्या बायकांच्या बाकावर फ्लोराआंटींनी पदर तोंडाशी नेला. साहेब मात्र डगमगले नाहीत. ती जुनी खेडवळ रीत होती, म्हणाले, आता ठाण्यात कुणी करत नाही. म्हातारे 'अच्छा' अशा अर्थी काहीतरी पुटपुटले. दूरवर चालत जावं आणि दुकान बंद निघावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मग जाणाऱ्या मुलांना एकेक करून पुढे बोलावलं. लिलीची पाळी आली. घराणं उत्तम, धर्मनिष्ठ, असं साहेबांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. म्हणजे झालंच होतं. लिलीनं वाकून परत यायचं, बस. पण पाहुण्यांनी सहज, बोलायचं म्हणून, तिला विचारलं, की मुलगी एवढी लांब जायची म्हणजे आईनं काय केलं? मी आईकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण 'मदर' कळला होता आणि ती ताठ बसली होती.

लिलीचं इंग्रजी दवाखान्यातलं, छोट्या वाक्यांचं. ती म्हणाली, "आईनं मलिदा केला. मानपाड्याला. गुरुवारी."

पाहुण्यांनी आधी तिच्याकडे आणि मग साहेबांकडे पाहिलं. "पण हे तर म्हणतात की कुणी करत नाही."

"ते होते तिथे," लिली म्हणाली. "फार छान गायले."

खांबामागून पपांचा खोकला ऐकू आला. मला वाटलं, संपलं. विमान, नोकरी, सगळं. आणि मग मी एक असा प्रकार पाहिला, की पुढे आयुष्यभर कुठल्याही पुढाऱ्यानं मला चकित केलं नाही. छत्री उघडायला लागतो तेवढ्या वेळात साहेबांनी चेहरा बदलला. हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, की ही रीत मी स्वतः, गाजावाजा न करता, एकेका घरी जाऊन जिवंत ठेवतो आहे. आपली खरी ओढ किती आहे हे पाहावं म्हणून आधी नाही म्हटलं. उद्या संध्याकाळी इथेच, हॉलमध्ये, सगळ्या समाजाचा मलिदा आपल्यासाठी ठेवला आहे. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी पपांची होती.

सभा संपल्यावर साहेब बायकांच्या बाजूला आले आणि आईसमोर उभे राहिले. उद्या सकाळीच या, म्हणाले, नारळ पुष्कळ खोवायचे आहेत, हॉलच्या मागे सोय केली आहे. आणि लिलीचं पाहुण्यांशी अजून नीट बोलणं व्हायचं आहे, ते काय मलिदा झाल्यावर करूच. पपा घाईघाईनं म्हणाले, येईल की, सकाळीच येईल.

आईनं चपला पायात सरकवल्या. "माझा नवस फिटला, साहेब," ती म्हणाली. "तुमचा तुम्ही फेडा."

आणि ती चालायला लागली. पपा बराच वेळ तिच्यामागे आणि साहेबांपुढे यांच्या मधोमध उभे होते.

हॉलमधला मलिदा झाला. मी गेले होते, कुतूहल. पोहे जाड आणले होते आणि भाषणं संपेपर्यंत ते पापडासारखे झाले. पाहुण्यांनी सभ्यपणे एक चमचा खाल्ला आणि लिंबूपाणी मागितलं. मग त्यांनी स्वतः होऊन लिलीची चौकशी केली, ती मानपाड्याची मुलगी कुठे आहे म्हणून. तेव्हा साहेबांना शब्द टाकावा लागला, कारण शेजारीच उभे होते. लिली गेली. पपांना कपाटाचे दरवाजे उघडायचा मान शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि याबद्दल ते लिलीला की आईला दोष देत होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. साहेबांनी मलिदा उपसमिती स्थापन केली. ती अजून आहे. दरवर्षी मोठा कार्यक्रम होतो, फोटो येतात. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलं गळणारी 'शब्बात शालोम'ची चित्रं पाठवणारी मंडळी 'आपला वारसा' असं खाली लिहितात. हेरिटेज वॉकला आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, आंटी, हे ऑथेंटिक आहे ना? मी तिला म्हटलं, पोहे ओले असले तर.

लिली आता सत्तरीपलीकडे आहे, गुडघे गेलेत, नातवंडांना मराठी कळतं पण बोलत नाहीत. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे दिवे, खुर्च्या, कुणीतरी माईक तपासत होतं. तिच्या गावातल्या आमच्या लोकांनी मलिद्याचा सोहळा ठेवला होता. महापौर यायचे होते आणि आले नव्हते. पोह्यांचे डोंगर टेबलावर वाट बघत सुकत होते.

"अध्यक्ष कोण आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

तिनं मान वळवून स्टेजकडे पाहिलं. माईकवर एका पुरुषानं, बहुधा वेळ काढायला, गाणं धरलं होतं. आम्ही दोघींनी ते कडवं संपेपर्यंत ऐकलं.

"आहे एक," लिली म्हणाली. "तोही फार छान गातो."